तूर वाणानं पिकली का तापलेल्या रानानं?

खळ्यावरून: काल इथं एका भाऊंनी लिहिलं, "२०१६ची तूर बीडीएन ७११ या वाणानं पिकवली, शेतकरी उगाच पावसाचं नाव घेतो." वाचून डोकं तापलं. माझ्या रानात घरचंच बी होतं, बीएसएमआर ७३६. एरवी एकरी चार क्विंटल, त्या साली आठ. वाण तेच, मग वरचे चार आले कुठून? २०१५ला दुष्काळात रान तसंच पडून होतं. नांगरटीची ढेकळं उन्हाळाभर तापली. २०१६च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा आमची भेग हातभर खोल होती. अशा मातीवर पाऊस पडला की जिवाणू एकदम कामाला लागतात, अडकलेलं नत्र मोकळं होतं.

बदनापूरकडचा: दादा, तूर मुळावरच्या गाठींतून हवेतलं नत्र घेते. तापल्या मातीचं कौतुक ज्वारीला सांगा. ७११ दीडशे-एकशेपंचावन्न दिवसांत निघते, तुमची ७३६ पावणेदोनशे घेते. हलक्या रानात ओल सरायच्या आत ७११ खळ्यावर असते. मर रोगानं माझी उभी तूर वाळलेली मी पाहिलीय, म्हणून मर सोसणाऱ्या वाणासाठी भांडतो.

कोरडवाहू: दोघंही पेरा विसरलात. आदल्या साली डाळ दोनशे रुपये किलो झाली, म्हणून जो तो तुरीवर आला. देशात २५.६ लाख टनांची ४८.७ लाख टन तूर झाली, ती काय एका वाणानं?

खळ्यावरून: पेरा वाढला, कबूल. मी एकरी बोलतोय.

मापाच्या रांगेतला: पिकली कशी ते नंतर बोला. तेव्हा हमीभाव क्विंटलला ५,०५० होता आणि खरेदी केंद्रावर बारदाना, म्हणजे रिकामी पोती, नाहीत! नऊ रात्री ट्रॅक्टरखाली काढल्या. वडील पोत्यांवर ताडपत्री धरून बसले, तरी अवकाळीनं खालची दोन पोती भिजली. हात घातला तर दाण्याला मोड. शेवटी आडतीवर ३,८००नं घातली.

बदनापूरकडचा: विषय वाणाचा चाललाय.

मापाच्या रांगेतला: तुमचा असेल. माझा बाप त्या वर्षापासून तूर पेरू देत नाही.

कोरडवाहू: आमच्याकडं लोकांनी बारदाना पदरचा नेला. तरी ओलावा जास्त म्हणून माल परत. ह्यावर वेगळं लिहा कुणीतरी.

बदनापूरकडचा: लिहा. सप्टेंबर सरता सरता पाऊस झाला नसता तर ७११ही फुलावर वाळली असती, एवढं मानतो. नत्राचं मानत नाही.

खळ्यावरून: गाठी कामाला लागायला महिना जातो. तोवर रोप कशावर वाढतं? यंदा पंधराव्या दिवशी एक रोप मुळासकट उपटा, पाण्यात धुवून बघा आणि मग इथं लिहा.

मापाच्या रांगेतला: आणि पिकलंच तर बारदान्याचं आधी विचारून ठेवा. आमचं टोकन वडिलांच्या पेटीत अजून आहे.