टेन्स पक्के करायला तक्ता बरा की क्वेश्चन टॅग?

मानेवाडा_इंग्लिश
नागपुरात बहुतेक ठिकाणी बारा टेन्सचा तक्ता घोकून घेतात आणि टॅग, म्हणजे वाक्याच्या शेवटी जोडायचा 'हो ना?'सारखा छोटा प्रश्न, परीक्षेआधी उरकतात. माझ्या मते हे उलटं हवं. टॅग लावायचा तर वाक्यातलं सहाय्यक क्रियापद हुडकावंच लागतं. 'शी हॅज लेफ्ट'ला 'हॅजन्ट शी?', 'दे वर प्लेइंग'ला 'वरन्ट दे?'. 'ही वर्क्स'मध्ये ते दिसतच नाही, म्हणून 'डझन्ट ही?'. रोज दहा वाक्यं पुरेत, पाच होकारी, पाच नकारी. एकाने वाक्य म्हणायचं, दुसऱ्याने तीन सेकंदांत टॅग द्यायचा. वही बंद.

महाल_व्याकरण
अजिबात पटत नाही. 'आय हॅव कम यस्टरडे, हॅवन्ट आय?' यात टॅग बरोबर आहे, वाक्यच चूक आहे! मराठीत 'मी कालच आलो आहे' चालतं, म्हणून पोरं तसंच इंग्रजीत नेतात. काल, २०१९ साली, दोन दिवसांपूर्वी असा संपलेला काळ सांगितला की सिंपल पास्टच हवा. कोणता टेन्स कुठे वापरायचा, हे टॅग शिकवत नाही.
शिवाय 'हीज गॉन' आणि 'हीज गोइंग' यांत सुरुवातीला कानावर 'हीज'च पडतं. पहिल्याला 'हॅजन्ट ही?', दुसऱ्याला 'इजन्ट ही?'. क्रियापदाचं तिसरं रूप पाठ नसेल तर तीन सेकंदांत ओळखणार कसं? 'यूड बेटर गो'ला 'हॅडन्ट यू?' आणि 'यूड लाइक टी'ला 'वुडन्ट यू?', तिथेही कानावर 'यूड'च पडतं.

नंदनवन_४४
दोघांनीही आपल्या बोलीकडे लक्ष दिलेलं नाही. आपण 'मला समजून राहिलं', 'मले आवडून राहिलं' म्हणतो. त्यामुळे 'आय ॲम अंडरस्टँडिंग', 'आय ॲम लाइकिंग' सहज तोंडात येतं. नो (know), बिलीव्ह, ओन, बिलाँग ही क्रियापदं चालू काळात जात नाहीत, त्यांची वेगळी यादी भिंतीवर लावा. दुसरी हमखास चूक म्हणजे 'शी इज लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स'. तिथे 'हॅज बीन लिव्हिंग' आणि 'फॉर' हवं. सिन्स सुरुवातीच्या क्षणाला लावायचं: सिन्स २०१९, सिन्स मंडे.

बर्डी_रीडर
पण बोलताना 'राइट?' म्हटलं तरी भागतं ना? टॅगवर एवढा वेळ कशाला?

महाल_व्याकरण
गप्पांत भागतं, दहावीच्या पेपरात नाही. तिथे अपवाद गुण खातात: 'आय ॲम लेट'ला 'आर्न्ट आय?', 'लेट्स गो'ला 'शॅल वुई?', 'नोबडी केम'ला 'डिड दे?'. हार्डली, सेल्डम आले की वाक्य नकारी धरून टॅग होकारी द्यायचा. यादी लिहून पाठ केल्याशिवाय हे येत नाही.

मानेवाडा_इंग्लिश
अपवादांची यादी मान्य. पण बर्डीवाल्या भाऊंना सांगतो, टॅगमध्ये सूरही आहे. खाली उतरणारा सूर म्हणजे फक्त दुजोरा हवा, वर चढणारा म्हणजे खरंच विचारतोय. तक्त्यातून हे कानाला कधीच कळणार नाही.
'यस्टरडे'चा मुद्दा बरोबर आहे, म्हणून सरावात एक भर घालतो. दहापैकी चार वाक्यांत काळाचा शब्द टाकायचा, त्यातली दोन मुद्दाम चुकीची. समोरच्याने आधी वाक्य दुरुस्त करायचं, मगच टॅग.

महाल_व्याकरण
मग तीन सेकंद पुरणार नाहीत, आठ द्या. आणि चुकीचं वाक्य पोरांच्या कानावर मुद्दाम घालणं मला अजूनही पटत नाही. तेच डोक्यात बसतं.