‘व्हिज्युअल म्युझिक’ला मराठीत काय म्हणावं?

रेघोट्या: आमच्या चित्रपट मंडळाच्या खेळासाठी चार-चार ओळींची टिपणं लिहितोय. ओस्कार फिशिंगर या अमूर्त अ‍ॅनिमेशनपट करणाऱ्या चित्रकाराच्या ‘मोशन पेंटिंग नं. 1’ (1947) पाशी गाडी अडली. पारदर्शक प्लास्टिकच्या तक्त्यावर तैलरंगाचा एक फटकारा मारायचा, एक चौकट टिपायची, की पुढचा फटकारा. जोडीला बाखचा तिसरा ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्टो. मी ‘दृक्‌श्राव्य संगीत’ लिहिलं, तर घरातूनच शेरा आला, “प्रोजेक्टर भाड्याने देणार आहेस का?” शब्द सुचवा.

काळी_दोन: शेरा रास्त आहे. दृक्‌श्राव्य म्हणजे दिसतं आणि ऐकूही येतं. मग टीव्हीवरच्या बातम्याही दृक्‌श्राव्यच. इथे चित्रानेच संगीतासारखं वागायचं आहे: आवर्तन घ्यायचं, ताणायचं, समेवर यायचं. आवाज हवाच असंही नाही. फिशिंगरचीच ‘रेडिओ डायनॅमिक्स’ (1942) अथपासून इतिपर्यंत मूक आहे. ‘ध्वनिचित्र’ही नको, तो शब्द ध्वनिचित्रफितीने कधीच पळवला. ‘दृश्यसंगीत’ लिहा.

रेघोट्या: ते वाचून लोक गाण्याचा व्हिडिओ समजतील.

काळी_दोन: पहिली दोन मिनिटं समजतील. पडद्यावर नायक-नायिका येत नाहीत म्हटल्यावर कळेल.

ओवीकर: नवा शब्द पाडायची गरजच काय? आपल्याकडे रागमाला आहे. दख्खनी चित्रकारांनीही सोळाव्या शतकात राग-रागिण्या रंगवल्या. आणि ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय उघडा. माउली म्हणतात, माझे शब्द ऐकताना ‘श्रवणींचि होति जिभा’, कानांना जिभा फुटतात. पुढे तर त्या बोलाची रेखा पाहून डोळ्यांचीही तृप्ती होते म्हणतात. इंद्रियांत भांडण लागलंय, शब्द कोणाचा!

काळी_दोन: ओव्या शिरसावंद्य, रागमाला नको. तोडीच्या चित्रात वीणा घेतलेली बाई आणि भोवती हरणं. त्यात कोमल गंधार कुठे दाखवाल? चित्रकाराने ध्यानश्लोकातली, म्हणजे रागाचं रूप वर्णन करणाऱ्या श्लोकातली, नायिका रंगवली, स्वर नाही. सुंदर आहे, पण वेगळं आहे. प्रत्येक परक्या गोष्टीला ‘हे आमच्याकडे होतंच’ म्हटलं की ती गोष्ट बघायची राहून जाते.

ओवीकर: बरं, पण ‘राग’ शब्दातच रञ्ज् धातू, म्हणजे रंगवणं. आणि जुना संगीतशास्त्रकार मतंग याच्या रागाच्या व्याख्येत ‘स्वरवर्णविभूषितः’ आहे. वर्ण म्हणजे रंगच ना?

काळी_दोन: धातूबद्दल हरकत नाही, मैफल रंगते ती त्याच घराण्यातली. ‘वर्ण’ मात्र फसवतो. संगीतशास्त्रात स्थायी, आरोही, अवरोही, संचारी या सुरांच्या चालींना वर्ण म्हणतात. तिथे रंगाचा थेंबही नाही.

रेघोट्या: आणि आपण ‘ऐकून बघ’ म्हणतो, त्याचं काय? कानाने बघायचं?

काळी_दोन: ‘चाखून बघ’, ‘बसून बघ’ही म्हणतो. तिथला ‘बघ’ नुसता हातभार लावायला आलाय. गंमत म्हणून ठीक.
रंगच हवा असेल तर माझ्या नावाकडे बघा. “पट्टी कोणती?” विचारलं की गाणारा सांगतो, “काळी दोन.” पेटीच्या पट्ट्यांचा रंग सांगून सुराची उंची सांगायची! यातलं काव्य कोणाच्या ध्यानातही नसतं, तानपुरा लावायची घाई असते.

रेघोट्या: थांबा, ‘पट्टी’वरून आठवलं. यादीत अ‍ॅनिमेशनकार नॉर्मन मॅक्लॅरेनची ‘सिंक्रोमी’ (1971, कॅनडा) आहे. फिल्मच्या कडेला आवाजाची जी बारीक पट्टी असते, तिच्यातून प्रकाश जातो आणि त्याच्या कमी-जास्त होण्याचा आवाज बनतो. याने वाद्य घेतलंच नाही. आडव्या रेघांच्या पट्ट्यांचे तक्ते करून त्यांचे फोटो थेट त्या जागी उतरवले. पट्ट्या बारीक आणि दाट झाल्या की सूर चढतो, त्यांच्या रांगेची रुंदी वाढली की आवाज मोठा. मग त्याच पट्ट्या रंगवून पडद्यावर आणल्या. जे दिसतं तेच वाजतं.

काळी_दोन: मग याला दृश्यसंगीत म्हणायला हरकत कोण घेणार? फिशिंगरने बाखला साथ केली असं म्हणता येईल. इथे मुख्य गायक कोण आणि साथीला कोण, सांगता येत नाही.

ओवीकर: बोलपट, मूकपट यांच्या चालीवर ‘सूरपट’?

काळी_दोन: कानाला गोड, पण मूक ‘रेडिओ डायनॅमिक्स’ला सूरपट कसं म्हणणार? ‘सिंक्रोमी’पुरता खुशाल वापरा.

रेघोट्या: ठरलं. मथळा ‘दृश्यसंगीत’, आणि ‘सिंक्रोमी’खाली एवढंच: “हा सूरपट आहे. पट्टी चढते तशा पट्ट्या बारीक होतात.”

काळी_दोन: मुद्रितशोधक एक ‘पट्टी’ खोडायला बघेल. खोडू देऊ नका.