स्पेस इन्व्हेडर्सचा वाढता वेग: श्रेय निशिकादोंचं की मंद प्रोसेसरचं?

गिरणगावकर

परग्रहवासी शत्रूंना गोळ्या घालायच्या 'स्पेस इन्व्हेडर्स' या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की कोणीतरी हमखास सांगतो, "शेवटी ते परग्रहवासी सुसाट धावतात ना, ती यंत्राची मर्यादा होती. बनवणाऱ्याच्या डोक्यातही नव्हतं." ही अर्धीच गोष्ट आहे, आणि तिने हा खेळ बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादोंवर अन्याय होतो असं माझं ठाम मत आहे.

आधी त्यातलं खरं काय ते सांगतो. ताइतो कंपनीच्या १९७८ च्या या खेळात इंटेल ८०८० प्रोसेसर होता. पडद्यावर ५ रांगांत ११-११ असे ५५ शत्रू. सगळ्यांना एकदम हलवणं त्याला झेपणारं नव्हतं, म्हणून सेकंदाच्या साठाव्या भागात एकच शत्रू सरकतो. ५५ जण असताना अख्ख्या फौजेला एक पाऊल टाकायला जवळजवळ सेकंद लागतो. निम्मे उरले की निम्मा वेळ. एकटा उरला की त्याला आपल्या पाळीची वाटच पाहावी लागत नाही, आणि तिथे खेळणाऱ्याचा घाम निघतो. हे आधी ठरवलेलं नव्हतं, असं निशिकादोंनीच मुलाखतींत सांगितलं आहे.

पण शत्रूंच्या पावलांचे ते चार खर्जातले ठोके ऐका. त्यांची लय आपोआप वाढत नाही. अमुक इतके शत्रू उरले की दोन ठोक्यांत अमुक इतकं अंतर, असा वेगळा तक्ताच कोडमध्ये आहे. शिवाय शेवटचा उरलेला शत्रू डावीकडे जाताना २ बिंदू सरकतो, उजवीकडे मात्र ३. प्रोसेसर मंद आहे म्हणून असं होत नाही. कोणीतरी बसून, विचार करून ते लिहिलेलं आहे.

सोल्डरबाबा

असहमत. तक्ता आहे हे मान्य, पण तो नंतरच आला असणार. आधी वेग दिसला, मग आवाज त्याला जुळवला. म्हणजे मूळ कल्पना यंत्राचीच.

आणि ते यंत्र आलं कुठून, तेही बघा. निशिकादोंचा 'वेस्टर्न गन' हा खेळ मिडवे कंपनीने १९७५ मध्ये अमेरिकेत 'गन फाइट' नावाने आणला, तो डेव्ह नटिंग यांनी मायक्रोप्रोसेसरवर नव्याने बांधून. खेळ म्हणून निशिकादोंना आपलाच सरस वाटला, पण त्या तंत्राने ते भारावले आणि तिकडे वळले. या मंडळींचं नाव आपल्याकडे कोणी घेत नाही. सगळं श्रेय एका माणसाच्या पदरात टाकायची आपली सवयच वाईट आहे.

मधुरा_ठाणे

दोघेही कोडमध्ये अडकला आहात. अटारी कंपनीच्या 'ब्रेकआउट' या खेळात १९७६ सालीच चेंडूचा वेग वाढत जायचा, आणि निशिकादोंना प्रेरणा तिथूनच मिळाली. नवीन होतं ते समोरून चालून येणारं सैन्य, जे उलट गोळ्या झाडतं. त्याने लोक झपाटले. ब्रिटनमध्ये १९८१ साली जॉर्ज फोक्स या खासदाराने अशा खेळांवर नियंत्रणाचं विधेयक मांडायचा प्रयत्न केला आणि ११४ विरुद्ध ९४ मतांनी तो हरला. ९४ खासदारांना एका खेळाची भीती वाटावी! त्यांना प्रोसेसरशी काय देणंघेणं होतं?

गिरणगावकर

@मधुरा, झपाटण्यामागे ती लय होतीच की. ठोके बंद करून खेळून बघा, निम्मी धडधड जाते.

@सोल्डरबाबा, नटिंग यांचं ऋण मी नाकारत नाही. पण ८०८० हाताशी आल्यावर त्यासाठीची अवजारं निशिकादोंनीच तयार केली, चित्रं त्यांची, प्रोग्रॅमही त्यांचाच. रणगाडे, विमानं असं सगळं करून पाहिलं. माणसांच्या हालचाली सर्वात छान जमल्या, पण माणसांवर गोळ्या झाडणं योग्य नाही म्हणून ती काढून खेकडे, ऑक्टोपस असे जीव आणले. काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे ठरवणं म्हणजेच रचना. ते वाढत्या वेगाला दोष समजून दुरुस्त करू शकले असते. त्यांनी तो ठेवला.

आणखी एक. १९८० मध्ये अटारी २६०० या घरगुती गेम यंत्रावर हाच खेळ आला तेव्हा यंत्र साफ वेगळं, शत्रूही ३६ च. तरी वेग वाढतोच. तोवर तो खेळाचा नियम झाला होता.

सोल्डरबाबा

अटारीचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं. त्यांनी नक्कल केली ती ८०८० च्या धापा टाकण्याची. निशिकादोंना पुरेसा वेगवान प्रोसेसर मिळाला असता तर ५५ जण पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच चालीने सरकले असते आणि आपण आज हा वाद घालत बसलो नसतो. निवड चांगली केली, हे शंभर टक्के कबूल. पण निवडायला समोर काय होतं, ते यंत्राने ठरवलं.

गिरणगावकर

मग शत्रूंच्या गोळ्यांचं काय? गुण वाढत जातात तसे ते जास्त भराभर गोळ्या झाडतात, त्यासाठीही कोडमध्ये तक्ता आहे. त्याचा संबंध गुणांशी, किती शत्रू उरलेत याच्याशी नाही. शिवाय एक फौज संपवली की पुढची आणखी खालून सुरू होते. यातलं काय तुम्ही ८०८० च्या खात्यावर टाकणार?