अरबी बातम्या समजतात, चित्रपट का समजत नाहीत?

पानगळ (प्रश्न)
मी दोन वर्षांपासून अरबी शिकत आहे. 'अल जझीरा'चे बातमीपत्र आता शब्दकोशाविना बरेचसे कळते. शस्त्रसंधी, अर्थसंकल्प, निवडणूक हे सगळे शब्द ओळखीचे झाले आहेत. मात्र गेल्या आठवड्यात इजिप्तचे दिग्दर्शक युसुफ शाहीन यांचा १९५८ सालचा चित्रपट 'बाब अल-हदीद' पाहायला बसलो आणि पहिल्या दहा मिनिटांत एकही वाक्य सलग उमगले नाही. माझ्या अभ्यासात नेमके काय राहून गेले आहे?

दीपस्तंभ
अभ्यासात खोट नाही. आपण जी भाषा शिकलात ती घरात कोणीच बोलत नाही, एवढेच. वृत्तनिवेदक वापरतात ती 'फुस्हा', म्हणजे शाळेत शिकवली जाणारी लेखी अरबी, आणि चित्रपटातली पात्रे बोलतात ती त्या त्या प्रदेशाची 'आम्मिया', म्हणजे बोलीभाषा. 'आत्ता' हा एकच शब्द घ्या: बातम्यांत 'अल-आन', कैरोत 'दिलवअती', दमास्कसमध्ये 'हल्ला', मोरोक्कोत 'दाबा'. शिवाय कैरोकर 'ज'चा 'ग' करतात आणि घशातला 'क' बहुधा गिळून टाकतात, त्यामुळे 'जमील'चे 'गमील' आणि 'कल्ब'चे (हृदय) 'अल्ब' होते. प्रश्नार्थक शब्दही वाक्याच्या शेवटी जातो. बातमीतल्या 'माझा तुरीद?' (तुला काय हवे?) याचे तिथे 'आयिझ एह?' होते. एवढी उलथापालथ झाल्यावर ओळखीचा शब्दही कानाला परका वाटणारच.

जुनी_रीळ
माझ्या मते सुरुवात इजिप्तच्याच बोलीने करावी. १९३५ मध्ये कैरोत स्टुडिओ मिस्र उभा राहिल्यावर तिथले चित्रपट अरब देशांत सर्वदूर पोहोचले आणि १९५३ पासून 'सौत अल-अरब' या नभोवाणी केंद्राने त्यात भर घातली. म्हणूनच बगदादचा किंवा ट्युनिसचा प्रेक्षक कैरोची बोली समजू शकतो, पण कैरोच्या प्रेक्षकाला मोरोक्कोची बोली जड जाते. मधली पायरी हवी असेल तर मुस्तफा अक्काद यांचा 'अर-रिसाला' (१९७६) पाहा. त्यांनी तो इंग्रजी आणि अरबी अशा दोन स्वतंत्र नटसंचांसह चित्रित केला आणि अरबी आवृत्तीतले संवाद फुस्हात आहेत. बोलीची सवय मात्र त्याने होणार नाही.

सावकाश
इजिप्तचाच आग्रह मला पटत नाही. २००८ मध्ये एमबीसी या अरबी दूरचित्रवाणी जाळ्याने 'नूर' ही तुर्की मालिका सीरियन बोलीत ध्वनिमुद्रित करून दाखवली आणि ती प्रचंड गाजली; तेव्हापासून त्या बोलीत ऐकण्यासारखे पुष्कळ आहे आणि तिचा वेगही मला सोसवतो. दुसरे म्हणजे, बातम्यांची भाषा सरसकट फुस्हा असते हेही पूर्ण खरे नाही. बातमीपत्र संपून चर्चा सुरू झाली की पाहुणे चिडतात आणि चिडलेला माणूस फुस्हात फार वेळ टिकत नाही. ती वादावादी ऐका. एकाच वाक्यात दोन्ही भाषा सापडतील आणि विषय आधीच ठाऊक असल्यामुळे अंदाजही बांधता येईल.
जाता जाता, वृत्तसंस्थेला अरबीत 'वकालत अल-अन्बा' म्हणतात. आपल्याकडे 'वकालत' न्यायालयात गेली, तिकडे ती प्रतिनिधित्वाच्या मूळ अर्थाने राहिली.

पानगळ
सर्वांचे आभार. काल तोच चित्रपट पुन्हा लावला आणि केवळ गिळलेल्या 'क'कडे कान लावून बसलो. नायक रेल्वे स्थानकावर वर्तमानपत्रे विकतो आणि त्याचे नाव माझ्या वहीत 'किनावी' असे लिहिलेले होते. पडद्यावर त्याला 'इनावी' अशी हाक मारतात, हे लक्षात आल्यावर निदान कोण कोणाशी बोलत आहे ते तरी कळू लागले. आता एकच शंका: हा 'क' सगळीकडेच गळतो का?

दीपस्तंभ
नाही. 'कुरआन' हा शब्द कैरोतही पूर्ण उच्चारतात आणि गंमत म्हणजे 'अल-काहिरा' या शहराच्या नावातला 'क'ही शाबूत आहे. अर्थात तिथले लोक बोलताना शहराला बहुतेक वेळा 'मस्र' (म्हणजे इजिप्त) असेच म्हणतात.