जुन्या नाण्यांचा टंच (धातूचा कस) एक्स-रे मशीनवर काढावा का?

तापीकाठ: काढावाच. बुऱ्हाणपूर टांकसाळीचे मोगल रुपये खानदेशात अजून घराघरांतून निघतात आणि चांदीच्या भावाने मोडीत जातात. जळगावच्या सराफ बाजारात सोन्याचा टंच काढायला हे मशीन आता सर्रास आहे. कानस नको, ॲसिड नको. एक्स-रे पडले की चांदी, तांबं, शिसं आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत सोडतात, त्यावरून टक्केवारी निघते. 1601 मध्ये बुऱ्हाणपूरजवळचा असीरगड किल्ला पडला, खानदेशचे फारुकी सुलतान गेले, मोगल आले. पुढच्या पिढ्यांत रुपयाचा कस टिकला का, हे नाण्यालाच विचारता येईल.

सराफ कट्टा: भाऊ, मी रोज त्याच मशीनवर बसतो, म्हणून विरोध करतोय. ते फक्त वरची कातडी वाचतं. चांदीतून तांब्याचा किरण काही मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालून फारसा वर येतच नाही, आणि रुपया असतो दोन-तीन मिलिमीटर जाड! त्यात पुरलेल्या नाण्याच्या पृष्ठभागातलं तांबं मातीत झिजून जातं. चिंचेने उजळलं की उरलंसुरलं जातं. मग हिणकस नाणंही चोख दिसतं. तिसऱ्या शतकात रोमन नाण्यांत चांदी पाच टक्क्यांवर आली, तरी वरून ती पांढरीच होती. असा आकडा इतिहासात घुसला की काढणार कोण?

तापीकाठ: आबा, कातडीचा मुद्दा मान्य. पण चांदी दोन किरण सोडते: एक 22 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (किरणाच्या ऊर्जेचं माप) ऊर्जेचा, दुसरा जेमतेम 3 चा. दुसरा अगदी वरच्या थरातून येतो, पहिला बराच खोलून. दोघांचं प्रमाण जुळलं नाही की वर चांदी साचलीय हे कळतं. शिवाय हवेतलं आणि पाण्यातलं वजन घेऊन घनता काढा. चांदीची घनता पाण्याच्या 10.5 पट, तांब्याची 8.96 पट. नाणं आत पोकळ किंवा तडकलेलं नसेल तर तांब्याची भेसळ सहसा लपत नाही.

पांझराकाठ: दोघांनाही एक सांगते. शेतात सापडलेलं नाणं आधी सराफाकडे नेऊच नका. 1878 चा निखात निधी (जमिनीत पुरलेला ठेवा) कायदा आहे. दहा रुपयांवरचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. आणि धुवू तर अजिबात नका, कुठल्या थरातून आलं ते त्या मातीवरूनच कळतं.

सराफ कट्टा: ताई बरोबर. पाण्यातल्या वजनाचंही पटलं, ते माझ्या काट्यावर होईल. पण दुकानातलं मशीन नव्या दागिन्याच्या मिश्रणावर बसवलेलं असतं, त्याच्या कागदावर जुन्या रुपयाचा कस लिहून मी सही करणार नाही.