मदत हवी आहे : छोट्या रिव्हॉल्वरची मूठ हाताला लागते, कुठली ग्रिप बसवू?

वेणू_प

नमस्कार मंडळी. नेमबाजीच्या धाग्यांवर मी बहुतेक वाचनमात्रच असते, पण आता विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. (परवाना, रेंजचे नियम, तिजोरी हे सगळं रीतसर झालेलं आहे. त्यावर सल्ला नको, प्लीज.)

माझ्याकडे स्मिथ अँड वेसनचं जे-फ्रेम (त्यांचं लहान सांगाड्याचं रिव्हॉल्वर) आहे. पाच गोळ्यांचं, .३८ स्पेशल, दोन इंची नळी, बॉडी ॲल्युमिनियमची, घोडा आत झाकलेला, अंगठ्याने मागे ओढता येत नाही. म्हणजे दर वेळी तो लांबलचक आणि जड ट्रिगर ओढायचा. मूठ म्हणाल तर आधीच्या मालकाने बसवलेल्या दोन लाकडी पट्ट्या, सपाट, पॉलिश केलेल्या. दिसायला फार सुंदर.

दोन ठिकाणी दुखतं. ट्रिगर गार्डचा मागचा भाग मधल्या बोटाच्या पेरावर आपटतो, तिथली कातडी सोलवटून निघाली आहे. आणि अंगठा नि तर्जनीच्या बेचकीत दणका बसतो. करंगळीला तर जागाच नाही, ती खाली लोंबकळते. दुसऱ्यांदा सिलिंडर भरलं की गोळी सुटायच्या आधीच हात आक्रसतो, मग नेमाचे बारा वाजतात.

खिशात वागवायचं नाहीये, तिजोरी ते रेंज आणि परत एवढाच त्याचा प्रवास. माझा हात लहान आहे. रबर घेऊ की लाकूड? फ्रेमची पाठ (तळहाताकडची कड) झाकणारी घेऊ की उघडी ठेवणारी? बोटांच्या खाचा असलेली चांगली का? आणि जे-फ्रेम म्हटलं की कुठलीही जे-फ्रेमची ग्रिप बसते ना?

उगाच_एक

रबरी, जाड, पाठ झाकणारी. डोळे मिटून घ्या. मी तेच केलं, त्यानंतर तक्रार नाही.

जुना_नेमबाज

उगाचराव, तुमचा पंजा किती मोठा आहे ते आधी सांगा, मग डोळे मिटायचं बघू.

वेणूताई, तुमची दुखणी दोन आहेत आणि दोन्हींवरचा इलाज वेगळा आहे. पेर सोलवटतं ते मूठ कडक आहे म्हणून नव्हे. ट्रिगर गार्डच्या मागे, फ्रेमच्या पुढच्या अंगाला जी रिकामी जागा असते, तिथे मधलं बोट वर सरकून बसतं. गोळी सुटली की रिव्हॉल्वर मागे आणि वर उसळतं आणि गार्ड नेमकं त्या पेरावर येतं. ती पोकळी भरली की बोट एक मजला खाली उतरतं, प्रश्न मिटला. जुन्या लाकडी पट्ट्या फक्त दोन बाजू झाकतात, पुढे फ्रेमचं धातू उघडंच राहतं. याच कारणासाठी टायलर टी-ग्रिप नावाचा एक छोटा धातूचा तुकडा मिळतो. तो या पट्ट्यांखाली अडकवून पुढची पोकळी भरतात. पॉलिश केलेलं लाकूड मोडायचं जिवावर येत असेल तर तो बघा.

बेचकीचं गणित वेगळं. तिथे फ्रेमची अरुंद पाठ थेट हातात घुसते. काडतूस तेच असेल तर धक्क्याची ऊर्जा रिव्हॉल्वरच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असते. तुमचं ॲल्युमिनियमचं साधारण सव्वाचारशे ग्रॅमचं असेल, पोलादी भावंड साडेपाचशेच्या घरात जातं. म्हणजे तुमच्या हाताला जवळपास तीस टक्के जास्त बसतं. पाठीवर रबर आलं तर हे बोचणं कमी होतं, इथपर्यंत उगाचरावांचं बरोबर. पण पाठीवर जेवढं रबर चढेल तेवढा ट्रिगर तुमच्या बोटापासून लांब जातो. लहान हाताला हे महागात पडतं.

म्हणून विकत काही घ्यायच्या आधी एक करा. सिलिंडर उघडून पाचही घरं डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग भिंतीकडे तोंड करून नेहमीसारखं धरा. नळी कोपरापासूनच्या हाताच्या रेषेत आली पाहिजे. आता बोट ट्रिगरवर न्या आणि ते कुठे पडतंय बघा. असा जड, लांब ट्रिगर ओढायला पहिल्या पेराची घडी ट्रिगरवर यायला हवी. नुसती बोटाची गादी पोचत असेल तर जोर कमी पडतो आणि नळी बाजूला ओढली जाते.

वेणू_प

करून पाहिलं. आत्ताच्या पट्ट्यांवर घडी जेमतेम ट्रिगरवर येते. मग मला एक सुचलं. खोक्याचा पुठ्ठा चौपदरी दुमडला, फ्रेमच्या पाठीवर ठेवून वरून चिकटपट्टी गुंडाळली आणि पुन्हा धरलं. आता नुसती गादी पोचते. घडी आणायला गेले तर मनगट वळतं आणि नळी उजवीकडे बघायला लागते. म्हणजे पाठ झाकणारी बादच का?

जुना_नेमबाज

पुठ्ठ्याची युक्ती झकास, मी ढापली असं समजा. हो, तुमच्यासाठी बाद. पाठ उघडी, पुढची पोकळी भरलेली आणि खाली करंगळीपुरती लांबी, एवढं शोधा.

रेंजवरची_मैत्रीण

माझाही हात लहान, माझंही जे-फ्रेम, म्हणून मधे बोलते.

बोटांच्या खाचा असलेल्या ग्रिपच्या वाटेला जाऊ नका. त्या खाचा कुणाच्या तरी बोटांना मापात असतात, ते कुणीतरी तुम्ही नसता. बोट दोन खाचांच्या मधल्या उंचवट्यावर बसलं तर दर गोळीला तोच उंचवटा टोचतो. लाकडी असेल तर उंचवटे सँडपेपरने घासून सपाट करता तरी येतात.

रबर की लाकूड यावर लोक तावातावाने भांडतात, पण मला तो दुय्यम मुद्दा वाटतो. आकार बसला की लाकूडही चालतं. आकार चुकला तर रबर फक्त दुखणं उशिरा सुरू करतं. रबराची एक खोड आहे, ते हाताला घट्ट चिकटतं. पहिली पकड बरोबर बसली तर उत्तम, जरा तिरकी बसली तर ती नीट करायला हात सोडावा लागतो. लाकडावर हात सरकवून घेता येतो. खिशात ठेवणारे रबराला नावं ठेवतात ती याचसाठी, कापड त्याला अडकतं. तुम्हाला तो प्रश्न नाही, त्यामुळे घामाघूम हाताला रबर उलट बरंच पडेल.

आणि सराव कुठल्या काडतुसाने करता? १५८ ग्रेनचं (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) साधं वापरत असाल तर १४८ ग्रेनचं टार्गेट वॅडकटर घ्या. सपाट तोंडाची गोळी, वेग कमी, कागदावर भोक अगदी कोरून काढल्यासारखं. इतक्या हलक्या रिव्हॉल्वरमध्ये फरक पहिल्याच गोळीला कळेल. +पी (म्हणजे जास्त दाबाचं काडतूस) लिहिलेला डबा मात्र शेल्फवरच राहू दे.

स्क्रू_ड्रायव्हर

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलंच नाही. नाही हो, कुठलीही बसत नाही. जे-फ्रेममध्येही मुठीचा बुंधा दोन प्रकारचा असतो, गोल आणि चौकोनी. १९५० मध्ये चीफ्स स्पेशल आलं, त्या घराण्यात पुढे दोन्ही निघाले. आजकालची बहुतेक सगळी गोल बुंध्याची. पट्ट्या काढून फ्रेमचा मागचा खालचा कोपरा बघा. वळून गेला असेल तर गोल, काटकोनात असेल तर चौकोनी. गोल बुंध्याला चौकोनी आकार देणाऱ्या ग्रिप मिळतात, उलटं होत नाही, धातू कुठे जाणार? के-फ्रेमची (त्याच कंपनीच्या मोठ्या सांगाड्याची) ग्रिप तर मोठीच होते, तिचा विचार नको. आणखी एक. घोडा आत झाकलेल्या मॉडेलांची पाठ वर फुगीर असते, म्हणून वरपर्यंत जाणाऱ्या ग्रिपच्या डब्यावर तुमचं मॉडेल लिहिलंय का ते वाचून घ्या. त्या फुगीर पाठीचा तुम्हाला फायदाही आहे. हात अगदी वरपर्यंत नेता येतो. हात नळीच्या जितका जवळ तितकी नळी कमी उसळते.

आता पट्ट्या काढणार असाल तर हात जोडून सांगतो, पट्टी आणि फ्रेमच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. कोपरा हमखास उडतो. स्क्रू पूर्ण काढायचा नाही, तीन-चार वेढे सैल करायचा आणि ड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने स्क्रूच्या डोक्यावर हलकेच टकटक करायचं. पलीकडची पट्टी आपोआप उचलली जाते. ती निघाली की स्क्रू काढा आणि अलीकडची आतून बोटाने ढकला. खाली फ्रेममध्ये आडवी पिन दिसेल, पट्ट्या हलू नयेत म्हणून असते, ती तिथेच राहू द्या. स्प्रिंगला हात लावू नका. जे-फ्रेमची मेन स्प्रिंग गुंडाळीची असते, ती तिच्या जागी बरी आहे.

उगाच_एक

माझा पंजा मोठा आहे, कबूल. पण माझं रूगर कंपनीचं एलसीआर रिव्हॉल्वर आहे आणि त्यावर मऊ गादीची जाड मूठ कंपनीतूनच येते. तीच जे-फ्रेमवर का नाही चालत?

स्क्रू_ड्रायव्हर

कारण एलसीआरला मुठीची फ्रेमच नसते, आत नुसता एक खुंटा असतो. मूठ त्या खुंट्यावर चढते, त्यामुळे बनवणाऱ्याला पाठीवर मऊ थर द्यायला भरपूर जागा मिळते आणि ट्रिगरचं अंतरही फारसं वाढत नाही. रूगरच्याच एसपी१०१चंही तसंच. जे-फ्रेमला धातूची पूर्ण पाठ असते. गादी द्यायची तर त्या धातूच्या मागे, म्हणजे वेणूताईंच्या पुठ्ठ्याच्या जागी.

जुना_नेमबाज

नावंच हवी असतील तर पॅचमायरचं कॉम्पॅक आणि कॉम्पॅक प्रोफेशनल शेजारी ठेवून बघा. दोन्ही रबरी, पण पहिल्यात पाठ झाकलेली, दुसऱ्यात उघडी. क्रेग स्पीगल या कारागिराने आखलेली बूट ग्रिप अंकल माइक्सने रबरात काढली, तीही पाठ उघडी ठेवते आणि पुढची पोकळी भरते. पण ती खिशासाठी आखलेली, फ्रेमच्या बुडालाच संपते, तुमची करंगळी अधांतरीच राहील. होगची मोनोग्रिप एकसंध असते, खालून मोज्यासारखी चढवायची, स्क्रू बुडातून लागतो. करंगळीला भरपूर जागा, पण तिला बोटांच्या खाचा असतात, तेव्हा मैत्रीणबाईंचा इशारा लक्षात ठेवा.

शक्य असेल तर विकत घेण्याआधी कुणाची तरी उसनी लावून एक सिलिंडर झाडून बघा. दुकानात रिकामं रिव्हॉल्वर धरून सगळ्याच ग्रिप छान वाटतात.

हळद_लावा

पेर सुजलंय का? सूज असेल किंवा बोटाला मुंग्या येत असतील तर सराव थांबवा. सोललेल्या पेरावर कुठलीही ग्रिप वाईटच वाटणार, निवड चुकेल.

वेणू_प

सूज नव्हती, पण कातडी भरेपर्यंत थांबले होते. सगळ्यांचे आभार, आता पुढचं सांगते.

बुंधा गोल निघाला. पट्ट्या टकटक करूनच काढल्या, एकही ओरखडा नाही. रेंजवरच्या एका काकांकडे पाठ उघडी, पुढे भरलेली आणि बुडाखाली बोटभर उतरणारी रबरी ग्रिप पडून होती, ती लावून पाहिली. पेराचं दुखणं गायब. करंगळी टेकली तशी नळीची उसळीही कमी वाटली. बेचकी मात्र १५८ ग्रेनला अजून लाल होते. वॅडकटरने नाही होत. शांतपणे सिलिंडरमागून सिलिंडर मारता आली आणि शेवटच्या पाच गोळ्या पहिल्या पाचांइतक्याच जवळजवळ पडल्या. त्यामुळे ग्रिप हीच आणि काडतूस वॅडकटर, हे माझ्यापुरतं नक्की.

आता नवीन कटकट. स्पीडलोडर (पाचही काडतुसं एकदम भरायचं साधन) लावायला गेलं की तो डावीकडच्या रबराच्या वरच्या कडेला अडतो. रिकामी पुंगळीही एखादी तिथेच अडकून बसते. ग्रिप काकांनी मलाच देऊन टाकली आहे, तेव्हा कापायला मोकळी आहे. कापू का? कशाने?

स्क्रू_ड्रायव्हर

कापू नका, घासा. आधी ग्रिप रिव्हॉल्वरवर असतानाच सिलिंडर उघडा, स्पीडलोडर रिकामाच लावा आणि तो जिथे टेकतो तिथे पांढऱ्या पेन्सिलने कमान काढा. मग ग्रिप उतरवा. रिव्हॉल्वरवर असताना घासलंत तर रबराची भुकटी आत यंत्रणेत जाईल. जाड पेन्सिलीला खरखरीत सँडपेपर गुंडाळा आणि त्या कमानीवर एकाच दिशेने ओढत राहा. रबर हाताने हळूहळूच झिजतं, चाकू लावला तर फाटतं. थोडं घासलं की बसवून बघा, पुन्हा थोडं. आत धातूचा पत्रा लागला तर तिथेच थांबा, काही रबरी ग्रिपमध्ये तो असतो.

रेंजवरची_मैत्रीण

आणि घासून झाल्यावर तेलाचा हात लावू नका त्याला. रबर तेल पितं आणि फुगतं. साबणाचं पाणी, कोरडं फडकं, पुरे. स्क्रू परत लावताना ड्रायव्हरचं पातं खाचेत पूर्ण बसणारं घ्या आणि दोन बोटांच्या जोराने टेकेल तेवढाच पिळा. पहिल्या सरावानंतर एकदा तपासा, हमखास पाव वेढा सैल झालेला असतो.

उगाच_एक

ताई, त्या लाकडी पट्ट्या विकायच्या असतील तर मला व्यनि करा.

वेणू_प

नाही हो. फडक्यात गुंडाळून त्यांच्या स्क्रूसकट डब्यात ठेवल्यात.