वरातीतून निवृत्त झालेल्या घोडीला चंदी (धान्याचा खुराक) किती आणि गवत किती द्यावे?

नमस्कार. घोडबंदर रस्त्याला लागून, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी माझ्या मामांची थोडी जागा आहे. तेथे चैत्रापासून आम्ही बारा वर्षांची एक घोडी सांभाळत आहोत. ती पूर्वी वरातीत चालत असे. आता तासभर फिरवण्यापलीकडे तिला काम नाही. आहार मात्र जुनाच चालू राहिला: सकाळ-संध्याकाळ तोबऱ्यातून दोन-दोन किलो भिजवलेला हरभरा, त्यावर गव्हाचा कोंडा आणि गवताचा जेमतेम एक भारा.

आषाढात एका रात्री ती वारंवार वळून पोटाकडे पाहू लागली, पुढच्या पायाने जमीन उकरू लागली आणि लीद टाकेनाशी झाली. पोटशूळच होता. डॉक्टर वेळेवर आले म्हणून निभावले. घोड्याचे जठर लहान असते, एकदम भरपूर धान्य दिले की ते न पचताच मोठ्या आतड्यात उतरून आंबते आणि त्याचा परिणाम खुरांवरही होऊ शकतो, हे त्यांनी समजावले व चंदी कमी करून गवत वाढवण्यास सांगितले. किती, हे विचारायचे त्या गडबडीत राहून गेले. आमचा मोतद्दार, म्हणजे घोडीची देखभाल करणारा माणूस, तर हरभरा तोडला की घोडी बसेल, असेच धरून बसला आहे.

शिंप्याच्या टेपने मोजले असता छातीचा घेर १४८ सेंमी आणि खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी १३८ सेंमी भरली. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८० या हिशेबाने वजन सुमारे २५४ किलो येते. वजनाच्या दोन टक्के सुका चारा धरला, तर रोज पाच किलो झाला. पण पावसाळ्यात टेम्पोवाला टाकून जातो ते भारे ओलेचिंब असतात, आणि दुपारी भाऱ्यात हात घातला तर आतून गरम वाफ लागते. असे गवत द्यावे का, आणि किती? शेजारचे गोठेवाले गोळीपेंड देऊ करतात, तीही चालेल का?

प्रतिसाद: बेलापूरजवळ मी बरीच वर्षे दोन तट्टे पाळली आहेत, त्या अनुभवावरून लिहितो. तुमचे पाच किलो बरोबर आहेत, पण ते पाणी वगळून. वाळलेले गवत साडेपाच किलो पुरेल. पावसाळी हिरव्या गवतात पाणीच ऐंशी टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून तेवढ्यासाठी सुमारे पंचवीस किलो लागेल. दोन्ही मिळून पाणी वगळता पाच किलो भरेल असे द्या, चार-पाच वेळा विभागून, शक्य तर बारीक भोकांच्या जाळीतून, म्हणजे ती दिवसभर चघळत राहील. गरम झालेला किंवा बुरशीचा वास येणारा भारा खुशाल फेकून द्या; गवत आले की लगेच सावलीत पसरायचे, ढीग लावायचा नाही.

हरभरा एकदम बंद करू नका. दहा-बारा दिवसांत थोडाथोडा उतरवा. काम नसलेल्या घोडीला पुढे मूठभर चंदी पुरे, तीही क्षार मिश्रण आणि पंचवीस-तीस ग्रॅम मीठ पोटात जावे म्हणून. कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम कमी असते, तो रोज नको. त्याऐवजी किलोभर लसूणघास द्या. आणि डब्याने मोजणे सोडा, कारण हरभऱ्याचा दोन किलोचा डबा कोंड्याने भरला तर किलोभरही भरत नाही. गोळीपेंड मात्र अजिबात नको: गुरांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध असते, ते गाईला सोसते पण घोडा त्याने दगावतो.

मूळ प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. डबा काट्यावर ठेवून पाहिला. मोतद्दाराचा ‘दोन किलो’ प्रत्यक्षात दोन किलो चारशे ग्रॅम निघाला. उद्यापासून प्रत्येक वेळच्या मापातून रोज दोनशे ग्रॅम कमी करत आहोत. बरगड्या हाताला लागतात पण डोळ्यांना दिसत नाहीत, ही स्थिती योग्य समजावी का, एवढे कृपया सांगावे.

प्रतिसाद: हो, अगदी योग्य. दर पंधरवड्याला त्याच टेपने घेर मोजून भिंतीवर लिहून ठेवा.